गेमिंग माऊस पॅड घ्यायचं का?

खांडबाऱ्यात घरी कॉम्प्युटर आला की मुलं अब्बांकडे गेमिंग पॅडचा हट्ट धरतात. आम्ही म्हणतो, आधी टेबल बघा. माऊसमधला बारीक कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो घेऊन हालचाल ओळखतो. काचेवर, चकचकीत सनमायकावर तो गोंधळतो. तिथे पॅड हवंच, पण खाली रबर असलेलं साधं कापडी पुरतं. गेमिंग पॅड मोठं असतं; नेमबाजीच्या गेममध्ये माऊसचा वेग कमी ठेवून हात लांब फिरवणाऱ्यांना त्याचा खरा उपयोग. रंगीत दिव्यांनी नेम सुधारत नाही, तो निव्वळ इस्राफ! अभ्यास आणि ऑनलाईन फॉर्मसाठी तर नकोच. घेण्याआधी माऊस वहीवर फिरवून बघा. तिथेही अडखळला, तर पॅड राहू द्या, माऊसखालची धूळ पुसा.