परक्या शहरातली सुरक्षितता: कोण मोजतो आणि कशाने

शहर सुरक्षित आहे की नाही, हे प्रवासी गुन्ह्यांची आकडेवारी वाचून ठरवीत नाही. ती त्याच्याजवळ नसतेच. घरून निघण्यापूर्वी ऐकलेल्या गोष्टी, वर्तमानपत्रांनी रंगविलेले चित्र, आणि मग रस्त्यावरचे दिवे, टॅक्सीवाल्याची भाषा, पोलिसाचा वावर, यांवरून तो आपले मत बनवितो. प्रत्यक्ष धोका आणि वाटणारा धोका या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे पर्यटनाचे अभ्यासकही सांगतात. पण या खुणा वाचणारा माणूस कोण, असे विचारले की बहुतेक प्रश्नावल्या वय, लिंग आणि देश एवढ्यावर थांबतात.

मुंबईच घ्या. गेटवेपाशी उभा असलेला पोलीस परदेशी पाहुण्याला आधार वाटतो. रेल्वेच्या फलाटावर गाठोडे उशाशी घेऊन निजलेल्या खेडुताला तोच पोलीस ‘ऊठ’ म्हणणारा असतो. धारावीच्या नुसत्या नावानेच पांढरपेशा माणूस दचकतो. आत गेल्यावर त्याला चामड्याचे काम करणारे, मडकी घडविणारे, प्लॅस्टिक निवडणारे हात दिसतात.

६ डिसेंबरला दादरला लाखो माणसे येतात. चैत्यभूमीचे दर्शन झाले की पोरांना समुद्र दाखवितात. ही या शहराची पाहुणीच, पण त्यांची गणना पर्यटकांत कोणी करीत नाही, आणि ‘तुम्हांला इथे सुरक्षित वाटले काय?’ असेही विचारीत नाही. विचारावे. शिवाजी पार्कच्या मैदानात लेकरू कुशीत घेऊन झोपलेल्या बाईच्या दाराला कुलूप नसते, कारण दारच नसते. शेजारी झोपलेली, नावगाव ठाऊक नसलेली पण आपली माणसे हाच तिचा भरवसा. काही दादरकर ज्या गर्दीला बिचकतात, तिच्यातच ही बाई निर्धास्त झोपते.

मुक्कामाचा प्रश्न तर याहून जुना आहे. १९१७ साली अमेरिकेहून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना पारशी नाव लावून पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. बडोद्यात चोऱ्या किती होत होत्या, याला त्या पाहुण्याच्या लेखी काय अर्थ होता?

अमेरिकेतील काळ्यांनी असाच धोका ओळखून स्वतःचे मोजमाप तयार केले. न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ग्रीन या टपाल कर्मचाऱ्याने १९३६ मध्ये ‘ग्रीन बुक’ काढले. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी कोठे खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, मोटार कोठे दुरुस्त होईल, यांचे पत्ते त्यात असत. १९६०च्या दशकापर्यंत ते निघत राहिले.

माझ्या विद्यार्थ्यांची अशी यादी तोंडी आहे. परीक्षेसाठी पुण्या-मुंबईला निघालेला मुलगा लॉजचे भाडे नंतर विचारतो. आधी विचारतो, “सर, तिथं आपलं कोण आहे?” लॉजवर ओळखपत्र दाखवावे लागते, आणि आडनाव त्यावर छापलेले असते.