कृपा : कमाई नव्हे, दान

शिक्षकमित्रांना ‘ग्रेस’ हा शब्द काही नवा नाही. एखादा मुलगा गणितात दोन-तीन गुणांनी अडतो, बाकीच्या विषयांत बरा असतो. मग नियमात बसवून त्याला तेवढे गुण बहाल करतात. निकालाच्या दिवशी बाप पेढे वाटतो आणि म्हणतो, “सुटला बुवा ग्रेसवर एकदाचा!”

ख्रिस्ती धर्मविचारात हाच शब्द फार मोठ्या अर्थाने येतो. मराठी ख्रिस्ती माणूस त्याला ‘कृपा’ म्हणतो. शब्द आपल्या संतांच्या तोंडचाच आहे, त्यामुळे तो कोणाला परका वाटू नये. पण शाळेतली ग्रेस आणि ही कृपा यांत एक मोठा फरक आहे. शाळेत ग्रेस मिळते ती काठावर आलेल्याला. ज्याला शंभरात पाचच गुण पडले, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. ख्रिस्ती विचारातली कृपा मात्र त्या पाच गुणवाल्याकडे आधी वळते.

हे समजावण्यासाठी येशूने शेतमजुरांची एक गोष्ट सांगितली. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात, विसाव्या अध्यायात ती आहे. द्राक्षमळ्याचा एक धनी भल्या पहाटे मजूर आणायला चावडीवर गेला. एक दिनार रोज ठरवून त्याने माणसे कामाला लावली. दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी. धनी पुन्हा नऊ वाजता गेला, दुपारी गेला, तीन वाजता गेला, आणि दिवस मावळायला तासभर उरला असताना आणखी एकदा गेला. तेव्हाही काही माणसे उभी होतीच. “दिवसभर रिकामे का राहिलात?” असे विचारता ती म्हणाली, “आम्हाला कोणी कामाला लावलेच नाही.” त्याने त्यांनाही मळ्यात धाडले. संध्याकाळी पैसे वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात झाली, आणि तासभर राबलेल्यालाही पुरा दिनार मिळाला. पहाटेपासून उन्हात राबलेल्यांना वाटले, आपल्याला आता जास्त मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दिनार पडला.

तुम्ही म्हणाल, अहो, हा कुठला न्याय? ते मजूरही असेच कुरकुरले. धन्याचे उत्तर सरळ होते : ठरले तेवढे तुम्हाला दिले, त्यात एक पै कापली नाही. मी दुसऱ्याला मोकळ्या हाताने दिले, तर तुमच्या डोळ्यांत का सलावे?

ज्याने मजुरीसाठी वाट पाहिली आहे, त्याला या गोष्टीतले मर्म लवकर कळते. संध्याकाळपर्यंत चावडीवर उभा राहिलेला माणूस आळशी नव्हता, त्याला कोणी बोलावले नव्हते एवढेच. एक तासाच्या पैशांत त्याच्या घरची चूल पेटली नसती. धन्याने तास मोजले नाहीत, माणसाची गरज पाहिली. देव माणसाशी असा वागतो, असे ही गोष्ट सांगते.

मग लगेच दुसरी शंका येते. फुकटच मिळणार असेल तर राबायचे कशाला? ही शंका ख्रिस्ती मंडळींतही पहिल्यापासून आहे. पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तिचे उत्तर सापडते. तारण कृपेने होते, कर्माच्या बळावर नाही, म्हणून कोणी बढाई मारू नये, असे तो आधी सांगतो. लागलीच पुढे म्हणतो की आपली घडणच सत्कृत्यांसाठी झालेली आहे. म्हणजे चांगले काम ही कृपेची किंमत नव्हे. झाडाला मुळाशी पाणी मिळाले की फळ धरते, तसे ते काम मागून येते.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहायला आपल्याला फार दूर जायला नको. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या ओळखीचे आहे. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने दुष्काळात आईबाप गमावले होते, आणि १८८२ साली पतीच्या निधनाने वैधव्यही आले. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथे वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथले आपले काम दाखवले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यांतल्याच काही जणी आता मायेने आजाऱ्यांची शुश्रूषा करीत होत्या. हे कशामुळे घडते, असे रमाबाईंनी विचारले. तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली.

ती कथा विहिरीवरची आहे. भर दुपारी एक बाई एकटीच पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत, आणि या बाईचे पाच नवरे झालेले. अशा बाईजवळ यहुदी येशू स्वतः होऊन प्यायला पाणी मागतो. पाणवठ्यावरच्या सोवळ्या-ओवळ्याने किती माणसे होरपळली हे आपल्या गावांना ठाऊक आहे. त्यामुळे या मागण्याचा अर्थ आपल्याला वेगळा सांगावा लागत नाही. ‘आधी सुधार, मग जवळ ये’ असे तो म्हणाला नाही. आधी जवळ गेला.

तरीही कृपा खरी उमगायला आपल्याला आणखी वर्षे लागली, असे रमाबाईंनी प्रांजळपणे लिहिले आहे. धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला, असा त्यांचा अनुभव. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या, आणि पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. ज्यांना कोणतेच घर दार उघडत नव्हते, त्या स्त्रियांसाठी तिथे वेगळी वास्तू झाली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘कृपासदन’.

मुक्तीत कोणी रिकामे बसत नसे. विणकाम होते, शेती होती, छापखाना होता. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर तिथेच छापले गेले आणि खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी. आधी आसरा मिळाला, मग हात कामाला लागले.

ग्रीक भाषेत कृपेला ‘खारिस’ म्हणतात. त्या एका शब्दात देखणेपणा येतो, मेहेरबानी येते आणि मिळाल्याबद्दलची कृतज्ञताही येते. कृपेचे सौंदर्य कुठे पाहावे, असे कोणी विचारले तर मी म्हणेन : टाकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर पुन्हा उमटलेल्या तेजात पाहावे.

धर्म कोणताही असो, यातली एक गोष्ट आपल्याला उद्यापासून करता येईल. गुरुजी, तुमच्या वर्गात शेवटच्या ओळीत एक मूल असेल. त्याला ‘हुशार हो, मग पुढे बसवीन’ असे आपण नेहमी सांगतो. उद्या आधी पुढे बसवून पाहा.