कुरकुरीत कांदा : पाकिटातला आणि घरातला

ज्वारीची भाकरी, ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा ही हिंगोली जिल्ह्यातील शेतशिवाराची जुनी न्याहारी. त्याच कांद्याचे एक निराळे रूप आता मोठ्या दुकानांच्या फळ्यांवर दिसू लागले आहे. पातळ काप करून, तळून, वाळल्या पानासारखा कुरकुरीत केलेला हा कांदा पाकिटात भरून मिळतो. पाकिटावर बहुधा दुकानसाखळीचेच नाव असते. कोशिंबिरीवर, खिचडीवर किंवा वरणभातावर तो नुसता भुरभुरायचा. ना चिरण्याचे श्रम, ना डोळ्यांतून पाणी. साहजिकच शहरी स्वयंपाकघरांनी त्याचे स्वागत केले. परंतु हा पदार्थ नेमका आहे तरी काय? तो भाजी म्हणून खायचा, की मसाल्यासारखा चिमटीने वापरायचा? आणि त्यासाठी मोजलेले पैसे वसूल होतात का?

मराठवाड्याला हा पदार्थ नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि हैदराबादी बिर्याणीचे थर तळलेल्या कांद्याशिवाय लागत नाहीत. या कांद्याला तेथे ‘बिरिस्ता’ म्हणतात. हा शब्द फारसी वळणाचा. इंडोनेशिया आणि मलेशियात तळलेले छोटे कांदे भातावर व रश्शावर घालतात. डेन्मार्कमध्ये तेच हॉट डॉगवर पडतात. अमेरिकेत १९५५ मध्ये कॅम्पबेल सूप कंपनीच्या डॉर्कस रायली यांनी घेवड्याच्या शेंगांचा एक भाजलेला पदार्थ तयार केला. त्यावर डब्यातील तळलेला कांदा पसरलेला असे. सणाच्या जेवणातील या पदार्थामुळे तयार तळलेला कांदा तेथे घरोघरी पोहोचला. सारांश, कल्पना जुनी आहे. नवे आहे ते तिचे बाराही महिने मिळणारे पाकीट.

वजन जाते कुठे?

पाकिटाचा दर किलोवर मांडून पाहिला की ग्राहक दचकतो. बाजारातील कांद्याच्या तुलनेत तो कितीतरी पट असतो. ही तफावत समजून घेण्यासाठी वसमतकडे पाहावे. हळदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्यात ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात नेली जाते. ओल्या हळदीच्या पाच किलोंमागे वाळलेली हळद जेमतेम एक किलोच्या आसपास भरते. उरलेले वजन पाण्याचे होते; ते उन्हात गेले. म्हणून वाळलेल्या हळदीचा भाव ओल्या हळदीच्या भावाशी कोणी ताडून पाहत नाही.

कांद्याचे गणितही तेच. ताज्या कांद्यात शेकडा ८६ ते ८९ भाग पाणीच असते. म्हणजे एक किलो सोललेल्या कांद्यात घनभाग साधारण १२० ग्रॅम. कढईत पडताच काप तडतडतात, बुडबुडे येतात. ती पाण्याची वाफ होय. वाफ निघून गेली की पेशींच्या रिकाम्या जागांत काही प्रमाणात तेल शिरते. त्यामुळे एक किलो कांद्यापासून घरी दोनशे ते अडीचशे ग्रॅम तळलेला कांदा मिळतो. त्यात तेलाचे आणि गॅसचे पैसे, शिवाय तळणाऱ्याचा वेळ. हे सारे जमेस धरले तर पाकिटाची किंमत वाटते तितकी अवाजवी नसते. मात्र ती खरोखर वाजवी आहे की नाही, हे पाकिटात कांदा किती आहे यावर ठरते.

पीठ कशासाठी?

बऱ्याच पाकिटांवर घटकांच्या यादीत कांद्याबरोबर पामतेल, गव्हाचे पीठ आणि मीठ असते. ही निव्वळ भेसळ समजण्याचे कारण नाही. कांद्यात पिष्टमय पदार्थ अगदी कमी आणि साखर बरीच. साखर लवकर तांबूस होते, काप आतून सुकण्याआधीच करपू लागतो. पिठाचे पातळ आवरण पटकन कडक होऊन कापाला आधार देते आणि कुरकुरीतपणा टिकवते. शिवाय पीठ कांद्यापेक्षा स्वस्त पडते, हेही खरे. म्हणून यादीचा क्रम पाहणे महत्त्वाचे. आपल्याकडील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिले नाव कांद्याचे असेल तर ठीक. पीठ किंवा तेल पुढे सरकले असेल तर ग्राहक कांद्याच्या नावाखाली दुसरेच काही विकत घेत असतो. गव्हाचे वावडे असलेल्यांनी तर ही यादी वाचल्याशिवाय पाकीट उचलूच नये.

दुकानाच्या नावाचा माल सहसा दुकानाने स्वतः बनवलेला नसतो. एखाद्या कारखान्याकडून तो बनवून घेऊन त्यावर दुकान आपले नाव घालते. जाहिरातीचा खर्च वाचल्याने तो पुष्कळदा स्वस्त पडतो. त्यात गैर काही नाही. पाकिटाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत उत्पादकाचे नाव-पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि प्रतिग्रॅम किंमत पाहावी. दोन पाकिटांची तुलना पाकिटाच्या किमतीवरून न करता प्रतिग्रॅम किमतीवरून करावी; कारण पाकीट फुगलेले असले तरी आत बरीच हवा असते.

चिमूट आणि मूठ

खरी मेख येथे आहे. कच्च्या कांद्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४० कॅलरी असतात. तळलेल्या कांद्यात हा आकडा साडेपाचशेच्या पुढे जाऊ शकतो. कारण त्याच्या १०० ग्रॅममध्ये ४० ग्रॅमच्या आसपास तेलच असू शकते. तळणीत कांद्यातील ‘क’ जीवनसत्त्वाचाही बराच नाश होतो. त्यामुळे कोशिंबिरीतील कांद्याऐवजी तळलेला कांदा घातला, तर एक भाजी वजा होऊन एक तळण वाढते.

परंतु प्रमाण सांभाळले तर चित्र बदलते. एका ताटासाठी एक चमचा, म्हणजे पाच-सात ग्रॅम पुरतात. त्यातून तीस-चाळीस कॅलरी मिळतात. मूठभर घातला तर हाच आकडा दीडशेच्या पुढे जातो. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसभरातील मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी असावे. पाकिटातील कांद्यात मीठ आधीच असल्याने ज्या पदार्थावर तो घालायचा त्यात मीठ थोडे हात राखूनच घालावे. तेलातील ट्रान्स फॅटबाबत देशात १ जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा लागू आहे. त्यामुळे पूर्वीची एक मोठी काळजी कमी झाली. तरीही पामतेलातील संपृक्त मेद उरतोच. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांच्या ताटात हा कांदा रोज न पडलेला बरा.

कोठे शोभतो, कोठे नाही

तळलेल्या कांद्याची खरी जागा मऊ, सौम्य, किंचित आंबट पदार्थांवर आहे. मुगाची खिचडी, दहीभात, साधे वरण, कढी, मऊसर पिठले यांना दाताखाली येणारे काही नसते. तेथे चमचाभर कुरकुरीत कांदा ताटाची कळा बदलतो. काकडी, गाजर वा कोबीच्या कोशिंबिरीवर तो दाण्याच्या कुटाइतकाच शोभतो. कच्च्या भाज्यांकडे पाहून नाक मुरडणारी मुले त्याच्या मोहाने वाटीभर कोशिंबीर संपवणार असतील, तर तो चमचा सत्कारणी लागला असे म्हणायला हरकत नाही.

मात्र तो घालण्याची वेळ एकच : ताट पुढे आल्यावर. काकडीला मीठ लागताच पाणी सुटते आणि तळलेला काप ते क्षणात पिऊन टाकतो. पाच मिनिटांत कुरकुरीत कांद्याचा लगदा होतो. डब्यात न्यायचा असेल तर वेगळ्या पुडीतच न्यावा. गरम रश्शात शिजायला टाकला तर त्याचा गोडवा उतरतो, पण कुरकुर जाते; मग पाकिटाचे पैसे कशासाठी मोजले, हा प्रश्न उरतो.

काही जागा मात्र कच्च्या कांद्याच्याच. कांदा कापल्यावर त्यातील वितंचक गंधकयुक्त घटकांवर क्रिया करते आणि तो झणका तयार होतो. उष्णतेने हे वितंचक निकामी होते, म्हणून तळलेला कांदा गोडसर लागतो. भाकरी-ठेच्याबरोबर, मिसळीवर किंवा मेथीच्या घोळाण्यात हा झणकाच हवा असतो. तेथे पाकिटातला कांदा म्हणजे नुसती सजावट.

घरी करायचा तर

कांदे उभे, पातळ आणि एकसारखे चिरावेत. जाड-बारीक काप एकत्र पडले की काही करपतात, काही कच्चे राहतात. चिमूटभर मीठ चोळून दहा मिनिटे ठेवावे आणि सुटलेले पाणी घट्ट पिळून काढावे. मध्यम आचेवर थोडे थोडे तळावे. काप सोनेरी होताच झाऱ्याने बाहेर काढावेत. आतील उष्णतेने बाहेरही त्यांचा रंग चढत राहतो, म्हणून कढईत तपकिरी होईतो थांबलेले काप ताटात काळे पडतात. कागदावर मोकळे पसरून पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद बरणीत भरावेत. उरलेले तेल खमंग असते. ते दोन-चार दिवसांत फोडणीला वापरून संपवावे, पुन्हा पुन्हा तळणीला घेऊ नये.

हा कांदा फार दिवस टिकत नाही. दमट हवेत तो मऊ पडतो आणि तेल हवेशी संयोग पावून खवट होते. नुसता मऊ पडला असेल तर कोरड्या तव्यावर मंद आचेने पुन्हा कुरकुरीत होतो. पण शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर फेकून द्यावा. उघडलेल्या पाकिटालाही हाच नियम लागू आहे. मोठे पाकीट स्वस्त पडते म्हणून घेतले आणि अर्धे खवटले, तर बचत कसली?

यावर मराठवाड्याच्या अंगणात एक जुना उपाय आहे. रब्बीचा कांदा बाजारात येतो तो ऐन उन्हाळ्यात, आणि त्याच दिवसांत घरोघरी वाळवणे पडतात. पापड-कुरडयांच्या शेजारी पातळ चिरलेला कांदा स्वच्छ कापडावर पसरून, वर जाळीदार फडके टाकून कडक उन्हात पूर्ण वाळवला तर तो बरणीत कित्येक महिने राहतो. हवा तेव्हा मूठभर काढून तळावा. पाणी आधीच गेलेले असल्याने तो काही क्षणांत फुलतो. नजर मात्र हटवू नये, तितक्याच वेगाने तो करपतोही.

कांद्याच्या भावाचा लहरीपणा महाराष्ट्राला नवा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि मे २०२४ मध्ये ती उठली. अशा प्रत्येक वळणावर कधी शेतकरी तर कधी गिऱ्हाईक पोळले. स्वस्ताईत घेऊन वाळवलेला पाच किलो कांदा हा प्रश्न सोडवणार नाही. पण महागाईच्या महिन्यात एका घराची खिचडी तरी तो खमंग ठेवील. पाकीट विकते ते मुख्यतः पाणी काढून टाकण्याचे श्रम. ज्या घरात वेळ नाही, त्या घराने ते श्रम खुशाल विकत घ्यावेत. फक्त पाकिटाची मागची बाजू आधी वाचावी आणि पुढची उघडल्यावर चमचा वापरावा, मूठ नव्हे.