जिथं रक्त पोचत नाही

मटण साफ करताना मांसावरून एक पांढुरका, चिवट पापुद्रा सुटून येतो. तोच पापुद्रा आपल्या हातापायांतही असतो. वर त्वचा, तिच्याखाली चरबी, मग हा पापुद्रा आणि त्याच्या आत स्नायू. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला प्रावरणी म्हणतात. तो मांडीपासून पोटरीपर्यंत लांबच लांब पसरलेला असतो आणि त्याचा रक्तपुरवठा बेताचाच. नेक्रोटायझिंग फॅसायटिस हा आजार एवढा भयंकर का, याचं उत्तर या दोन गोष्टींत आहे.

वर्तमानपत्रांना 'मांसभक्षक जिवाणू' हे नाव फार आवडतं. खरं तर हे जिवाणू मांस खात नाहीत. ते विषं सोडतात, त्या विषांमुळे बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि रक्ताविना ऊती मरतात. पुष्कळदा हा उद्योग स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिसचा असतो, म्हणजे शाळकरी मुलांचा घसा सुजवणारा तोच जिवाणू. मधुमेह असलेल्यांच्या पायात अनेकदा चार जातींचे जिवाणू मिळून शिरतात. शिरायला काटा टोचलेली जागा, खरचटलेला गुडघा पुरतो. कधी कधी तर जखम शोधूनही सापडत नाही.

फसवणूक इथूनच सुरू होते. आग पापुद्र्यात पसरत असते आणि वरची कातडी जेमतेम लाल दिसते. बघणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा सुजेला हा इतका का विव्हळतोय? मग एकाएकी ठणका थांबतो. घरच्यांना हायसं वाटतं, पण अनुभवी सर्जन इथंच धसकतो, कारण दुखणं कळवणाऱ्या नसाच मेलेल्या असतात.

मग अँटिबायोटिक का पुरत नाही? ते द्यावं लागतंच आणि तेही ताबडतोब, शिरेतून. पण औषध रक्तातून जातं आणि इथं रक्ताच्या वाटाच बुजलेल्या. म्हणून सुरी हेच इथलं मुख्य औषध. शंका असेल तर सर्जन छोटा छेद घेऊन आत बोट घालतो. निरोगी पापुद्रा खालच्या थराला घट्ट धरून असतो. इथं बोट विनासायास सरकत जातं, रक्त येत नाही आणि गढूळ, राखाडी पाणी बाहेर येतं. मग मेलेलं सगळं कापत जायचं, ताजं रक्त वाहणारी ऊती लागेपर्यंत. साधारण चोवीस तासांत पुन्हा उघडून बघायचं, उरलं असेल तर पुन्हा कापायचं. खालचे स्नायू जिवंत असतील तर हातपाय वाचतो. नाहीतर जीव वाचवण्यासाठी तो तोडावा लागतो. बोस-आइन्स्टाइन संघनिताबद्दल २००१ चं नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ एरिक कॉर्नेल यांचा डावा हात २००४ मध्ये खांद्यासकट काढावा लागला. पुढच्या वर्षी ते कामावर परतले.

सुरीची ताकद किती, हे पेकिंगमध्ये दिसलं होतं. फ्रँक मेलेनी या अमेरिकन सर्जनने तिथल्या २० रुग्णांचा वृत्तांत १९२४ मध्ये छापला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. लांब छेद घेऊन जखमा उघड्या करायच्या, जंतुनाशक द्रावणाने धुवायच्या, एवढंच हाती होतं. दगावले चार. आज अतिदक्षता विभाग असूनही २० ते ३० टक्के रुग्ण जातात. आजचे रुग्ण अधिक वयस्क, अधिक आजारी असतात, हे मान्य. तरीही हा आकडा मला चक्रावून टाकतो.

औषधांतही एक गंमत आहे. पेनिसिलिन वाढत्या जिवाणूंची भिंत बिघडवून त्यांना मारतं. पण गर्दी झाली की जिवाणू वाढ मंदावतात आणि पेनिसिलिनची पकड ढिली पडते. हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. म्हणून जोडीला क्लिंडामायसिन देतात. ते जिवाणूंची प्रथिनं बनवण्याची क्रियाच अडवतं, आणि ही विषं म्हणजे प्रथिनंच.

संसर्ग हटला की उरते प्रचंड उघडी जखम. तिच्यावर स्पंज ठेवून, वरून हवाबंद पडदा चिकटवून यंत्राने हवा खेचतात. दाब पाऱ्याच्या १२५ मिलिमीटरइतका उणा. हळूहळू लालबुंद नवी ऊती भरते. मग मांडीवरून कातडीचा पातळ थर काढून, त्याला जाळीसारख्या चिरा पाडून, ताणून जखमेवर पसरतात. पहिले एक-दोन दिवस ही कातडी रक्तवाहिन्यांशिवाय, जखमेतला द्रव शोषून जगते. मग खालच्या केशवाहिन्या येऊन तिला जोडल्या जातात.

काटा असो, करट असो की साधं खरचटणं, जखमेच्या मानाने ठणका फारच जास्त असेल, ताप असेल, सूज तासागणिक सरकत असेल तर वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याच रात्री जा, आणि मधुमेह असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.