मुलांचा खाऊ : पुड्यातला आणि घरातला

घरात लहान मूल असले म्हणजे दिवसातून दहा वेळा एकच वाक्य कानावर पडते, "मला काहीतरी खायला दे." या 'काहीतरी'चे उत्तर आपण काय देतो, यावर त्या मुलाची उंची, त्याचे रक्त आणि वर्गातील त्याचे लक्ष पुष्कळसे अवलंबून असते. आपल्या समाजाने पोटाला चिमटा घेऊन मुले शिकविली. आजही वह्या-पुस्तकांचा, शिकवणीचा खर्च आपण विचारपूर्वक करतो. खाऊच्या बाबतीत मात्र हातावर चिल्लर ठेवून मोकळे होतो. मी आहारतज्ज्ञ नाही, बँकेतील एक कारकून आहे. परंतु माझ्याच घरी घडलेल्या एका प्रसंगाने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. तो अनुभव आणि त्यातून शिकलेल्या गोष्टी समाजबांधवांसमोर ठेवीत आहे.

एक वही, सात दिवस

माझी मुलगी पहिलीत असताना वारंवार दमू लागली. संध्याकाळी खेळणे सोडून आजीच्या मांडीवर डोके ठेवून पडायची. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ९.४ निघाले. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत ते किमान ११.५ असावे लागते. डॉक्टरांनी लोहाचे औषध व जंताची गोळी दिली आणि सांगितले, "सात दिवस ही काय काय खाते, ते सर्व एका वहीत लिहून आणा."

जमा-खर्च लिहिण्यात माझे आयुष्य गेले. मी प्रामाणिकपणे वही लिहिली. सकाळी चहा-बिस्कीट. मधल्या सुटीत चिप्स. शाळेतून आल्यावर पुन्हा बिस्कीट. संध्याकाळी दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया. रात्री भूकच नाही, म्हणून चार घास वरण-भात. आठवड्याच्या शेवटी पुड्यांची बेरीज केली, ११० रुपये झाले. वर्षाला ५,७२० रुपये. एवढ्या रकमेचे आवर्ती खाते उघडा म्हटले असते, तर मी दहा वेळा विचार केला असता. इथे मात्र मी पैसे भरून मुलीची भूक मारीत होतो.

हे का घडले, याचाही विचार केला. माझी आई विड्या वळायची. शाळेत मला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मिळे. इतर मुलांच्या डब्यात गव्हाची पोळी असे, म्हणून मी माझा डबा बाकाखाली धरून खात असे. बिस्किटाचा पुडा आमच्या घरी पाहुणा आला तरच दिसायचा. पुढे नोकरी लागली, आणि मुलीच्या हातात रोज पुडा देताना मनाला बरे वाटू लागले. आपण वर आलो, याची ती जणू खूणच होती. भाकरीबरोबर गरिबी गेली असे मी समजलो. प्रत्यक्षात भाकरीबरोबर घरातले लोह आणि प्रथिनेही गेली होती.

हा प्रकार एकट्या माझ्या घरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हेच प्रमाण सुमारे ५४ होते.

पोट लहान, गरज मोठी

भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाणानुसार, चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १,३६० किलोकॅलरी ऊर्जा, १६ ग्रॅम प्रथिने आणि ११ मिलिग्रॅम लोह लागते. बैठे काम करणाऱ्या प्रौढ स्त्रीची ऊर्जेची गरज १,६६० किलोकॅलरी आहे. म्हणजे आईला जेवढे लागते, त्याच्या चार-पंचमांशाहून अधिक या चिमुकल्याला लागते, आणि त्याचे पोट मात्र एवढेसे! म्हणून त्याला दोन मोठ्या जेवणांवर ठेवून चालत नाही. तीन वेळा जेवण आणि मध्ये दोन वेळा खाऊ, असे पाच वेळा थोडे थोडे द्यावे लागते. खाऊ ही चैन नव्हे, ते एक छोटे जेवणच आहे.

त्या छोट्या पोटात मैदा, साखर आणि तेल गेले, की भूक भागते, पण रक्त-मांस बनविणारे द्रव्य मिळत नाही. त्यातच चहा दिला तर अन्नातील लोह शरीरात नीट शोषले जात नाही. २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत याच संस्थांनी प्रौढांनाही जेवणाच्या एक तास आधी व एक तास नंतर चहा-कॉफी टाळावयास सांगितले आहे. लहान मुलाला तर चहा मुळीच नको.

शासनाच्या योजना आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली, तिच्यातून आपल्या वस्तीत अंगणवाडी आली. १५ ऑगस्ट १९९५ पासून शाळेत पोषण आहार आला. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यात आठवड्यातून एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे देण्याचे ठरविले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंड्यासाठीचा निधी थांबविला. अंगणवाडीचा व शाळेचा आहार मुलांना अवश्य घेऊ द्यावा. परंतु खाऊच्या दोन वेळा शेवटी आपल्याच हातात राहतात.

एक सोपा नियम

डॉक्टरांनी मला एकच नियम दिला. प्रत्येक खाऊत तीन गोष्टी शोधा : एक धान्य, एक डाळ, शेंगदाणे किंवा अंडे, आणि एक ताजे फळ वा भाजी. धान्यातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळ भरून काढते, आणि डाळीत जे कमी असते ते धान्य. लिंबू, आवळा, पेरू यांतील 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते. आपण संत्र्यांच्या नगरीत राहतो, तरीही सांगावे लागते की पेरूत संत्र्याच्या चौपटीहून अधिक 'क' जीवनसत्त्व असते, आणि तो स्वस्तही मिळतो.

या नियमात बसणारे, आमच्या घरी रुजलेले काही पदार्थ असे :

मुरमुऱ्यांची भेळ : दोन मुठी मुरमुरे, एक मूठ फुटाणे व भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा, बारीक चिरलेला कांदा, भेदरं, सांबार (कोथिंबीर), चिमूटभर मीठ आणि वरून लिंबू. पाच मिनिटांत तयार. फुटाण्यांच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा आणि शेंगदाण्यांच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात.

बोटांचे मुटके : एक वाटी ज्वारीचे पीठ, पाव वाटी बेसन, एक वाटी चिरलेली मेथी किंवा पालक, तीळ, ओवा, हळद, मीठ. गरम पाण्याने मळावे. मुलाच्या हातात लहान गोळा द्यावा आणि मूठ घट्ट आवळावयास सांगावी. त्याच्या चार बोटांचे ठसे गोळ्यावर उमटतात. पंधरा मिनिटे वाफवावे, हवे तर जिरे-तिळाची फोडणी द्यावी. ताटात आल्यावर प्रत्येक मूल ठसे पाहून 'हा माझा' म्हणून आपला मुटका ओळखून खाते. मेथी न खाणारी माझी मुलगी याच खेळात मेथी खावयास शिकली.

हसरा चिला : एक वाटी मूगडाळ तीन-चार तास भिजवून आले-जिरे घालून वाटावी. किसलेले गाजर व पालक मिसळून तव्यावर तळहाताएवढे चिले घालावे. वर भेदराच्या फोडीचे तोंड आणि वाटाण्याचे दोन डोळे ठेवावे. वाटाणे आधी मऊ शिजवून ठेचावे.

अंड्याची पोळी : तव्यावर फेटलेले अंडे पसरावे, त्यावर रात्रीची उरलेली पोळी दाबावी, उलटून कांदा-सांबार घालून गुंडाळी करावी. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, म्हणजे चार ते सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाच्या गरजेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग.

नाचणी-शेंगदाणा लाडू : भाजलेले नाचणीचे पीठ, शेंगदाण्याचा कूट, तीळ व थोडा गूळ. नाचणीत १०० ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. मात्र गूळ पौष्टिक म्हणून सढळ हाताने घालू नये. गूळ ही शेवटी साखरच आहे, दातांना दोन्ही सारखेच. लिंबाएवढा एक लाडू पुरे.

ऋतूप्रमाणे निसर्गही खाऊ पुरवितो. पावसाळ्यात मक्याचे कणीस, पुढे भंडारा-गोंदियाच्या तलावांतले उकडलेले शिंगाडे. हिवाळ्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ओला हरभरा, बोरे, पेरू, संत्री. तुरीच्या शेंगांची परडी मध्ये ठेवून मुलांना म्हणावे, "कोणाच्या शेंगेत जास्त दाणे निघतात पाहू." मोजता मोजता वाटीभर दाणे पोटात जातात आणि अंकांची उजळणीही होते. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. तेव्हा रंगीत शीतपेयांऐवजी ताक, कैरीचे पन्हे, ज्वारीची आंबील द्यावी.

काही पथ्ये

पाच वर्षांखालील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकून जिवावर बेतू शकते. कूट किंवा भरडा करूनच द्यावा. बोराची आठोळी काढून द्यावी. मूल बसून खाईल असे पाहावे, पळता पळता खाऊ देऊ नये. दोन वर्षांपर्यंत अन्नात वरून साखर घालू नये, आणि एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. खाण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. अंगणवाडीत व शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये. पोटातले जंत आपण घातलेल्या खाऊचे वाटेकरी असतात.

नवी भाजी मुलाने एकदा नाकारली म्हणजे ती त्याला आवडत नाही, असा निकाल देऊ नये. आठ-दहा वेळा थोडी थोडी समोर ठेवावी, आपणही त्याच्यासमोर खावी. जबरदस्ती करू नये. "अभ्यास केला तर चॉकलेट देईन" असा सौदा तर करूच नये. त्यामुळे चॉकलेट बक्षीस ठरते आणि भाजी शिक्षा ठरते.

विद्यार्थी मित्रांनाही एक काम सांगतो. धाकट्या भावंडाच्या हातातला पुडा घ्या आणि मागची बारीक अक्षरे वाचा. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. पहिली दोन-तीन नावे मैदा, साखर, तेल अशी असतील, तर पुढे कितीही जीवनसत्त्वे छापलेली असली तरी त्या पुड्यात काय भरले आहे ते तुम्हाला कळलेच. साखरेचा आकडा चारने भागा. तेवढे चमचे साखर भावंडाच्या पोटात जाणार आहे.

हे सर्व आईनेच करावे असे नाही. माझी पत्नी परिचारिका आहे. तिची सकाळची पाळी असते तेव्हा डबा मी भरतो. मुटके करावयास मला आईने शिकविले. प्रथम ती हसली, म्हणाली, "तू तर भाकर लपवत होतास रे." आईला ते ठाऊक होते, हे मला चाळीस वर्षांचा झाल्यावर कळले.

पुड्यांवर जाणाऱ्या त्याच ११० रुपयांत आमच्या घरी अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो फुटाणे आले आणि लिंबा-सांबारापुरते पैसे उरले. पाच महिन्यांनी मुलीचे हिमोग्लोबिन ११.८ झाले. औषधाने तूट भरून काढली, ती पुन्हा पडू दिली नाही ती रोजच्या खाण्याने, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. म्हणून ज्यांचे मूल सतत दमते, फिकट दिसते, त्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे, केवळ लाडवांवर विसंबू नये.

आपल्या मंडळाला एक सूचना करावीशी वाटते. बालवर्गात आणि जयंतीच्या कार्यक्रमात मुलांना आपण बिस्किटांचे पुडे वाटतो. यापुढे केळी, उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चिक्की किंवा मोठ्या परातीत कालविलेली भेळ वाटता येईल. खर्च फारसा वाढणार नाही आणि मुलांना एक सवय लागेल.

मागच्या हिवाळ्यात मुलगी शाळेतून रिकामा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबा, उद्या जास्त मुटके द्या. माझ्या बाकावरच्या सगळ्यांना पाहिजे." पीठ ज्वारीचेच होते. फरक एवढाच, की तिने डबा बाकावर ठेवून उघडला होता.