लिनक्सचं नवीन व्हर्जन आलं म्हणजे लगेच टाकायचं का?

ऑनलाइन सेंटर सुरू करण्यावरचा व्हिडिओ आल्यापासून अकोल्याच्या आणि अमरावतीच्या दोन्ही बॅचमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, दुकानात जुनाच कॉम्प्युटर हाय, त्यात लिनक्स टाकतो. मंग सगळ्यात नवीन व्हर्जनच टाकू ना?"

हा प्रश्न आत्ताच काहून? कारण 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूरकडे झेरॉक्सच्या दुकानात जे सेकंडहँड डेस्कटॉप असतात, त्यातले बरेच या अटीत बसत नाहीत. नवीन मशीन म्हणजे तीस-चाळीस हजार. दुकानाचं शटर उघडायच्या आधीच भांडवलाचा एवढा मोठा तुकडा गेला तर पुढं खेळतं भांडवल कुठून आणणार?

म्हणून लिनक्स. फुकट आहे आणि कायदेशीर आहे. पण सगळ्यात नवीन तेच चांगलं, हे काही खरं नाही. हुरडा ताजाच खावा, लोणचं मात्र मुरलेलं पाहिजे; दुकानाच्या मशीनवरची सिस्टीम लोणच्यात मोडते.

उबुंटूचं उदाहरण घ्या. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवीन व्हर्जन येतं. नावातच वर्ष-महिना असतो, 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतं ते एलटीएस, त्याला पाच वर्षं मोफत सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या व्हर्जनला फक्त नऊ महिने. म्हणजे 25.10 आकड्यानं मोठं, पण त्याचा सपोर्ट जुलै 2026 पर्यंतच. त्याच्याहून दीड वर्ष जुनं 24.04 मात्र 2029 पर्यंत चालणार. आणि गंमत बघा, 25.10 मध्ये काही जुन्या कमांड काढून रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेल्या बसवल्या. त्यातल्या तारखेच्या कमांडमध्ये चूक निघाली आणि काही मशीनवर नवीन अपडेट आपोआप तपासणंच बंद पडलं. चूक लवकर दुरुस्त झाली, पण तुमच्या काउंटरवर असले प्रयोग कशाला?

सेंटओएसचं तर याहून उलटं झालं. आठवं व्हर्जन 2019 मध्ये आलं, लोकांनी 2029 पर्यंतचा हिशोब धरून बसवलं. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटनं धोरण बदललं आणि 31 डिसेंबर 2021 ला ते संपलं. त्याच्या आधीचं सातवं मात्र 30 जून 2024 पर्यंत चालत राहिलं! धाकटा आधी गेला.

आता याचा अर्थ जुनं धरून बसा असा काढू नका, बरं का. उबुंटू 20.04 चा मोफत सपोर्ट मे 2025 मध्ये संपला. त्यावर लोकांचं बँकिंग आणि जीएसटीचं काम करणं म्हणजे कुलूप न लावता दुकान सोडणं. शिवाय लॅपटॉप अगदी नवीन असेल तर जुन्या व्हर्जनवर त्याचं वायफाय चालेलच असं नाही. तिथं नवीनच लागतं. अपडेट आणि अपग्रेड यातही फरक करा. आहे त्याच व्हर्जनचे सुरक्षा अपडेट आले की घ्यायचे. पूर्ण व्हर्जन बदलायचं ते सवडीनं.

मशीन जुनं, रॅम दोन-चार जीबी असेल तर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई हलकं पडतं. मिंट 22 ची मालिका उबुंटू 24.04 वरच उभी आहे, सपोर्टही 2029 पर्यंत. फक्त प्रोसेसर 64 बिटचा आहे ना ते बघा. डेबियननंही ऑगस्ट 2025 च्या तेराव्या व्हर्जनपासून 32 बिटचा इन्स्टॉलर बंद केला.

खरी अडचण येते ती बाकीच्या सामानाची. टॅलीप्राइम विंडोजचं आहे. श्री-लिपी लिनक्सवर तशीच चालेल असं धरून चालू नका. कॅनन एलबीपी 2900 सारख्या प्रिंटरला ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो बसवताना डोकं खातो. अंगठ्याच्या बायोमेट्रिक डिव्हाइसचं सॉफ्टवेअर बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइडसाठी असतं. तुमचा अर्धा गल्ला अंगठ्यावर येणार असेल तर एक मशीन विंडोजचं ठेवाच.

म्हणून आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा, काहीच इन्स्टॉल न करता. प्रिंट काढा, स्कॅन करा, जीएसटीचं पोर्टल उघडा, मराठी टाइप करून बघा. दोन दिवस असंच काम करा, मग ठरवा.

वेळही बघा. जून-जुलैत उत्पन्नाचे दाखले, अ‍ॅडमिशन आणि पीक विम्याची गर्दी असते, तेव्हा व्हर्जनला हात लावू नका. उबुंटूसुद्धा जुन्या एलटीएसवाल्यांना नवीन एलटीएस एप्रिलमध्ये लगेच देत नाही. पहिली दुरुस्त आवृत्ती आली की देते. 24.04 ची ती 29 ऑगस्ट 2024 ला आली होती. म्हणजे आपल्याकडं पोळ्याच्या आसपास. तेव्हा दुकानात गर्दीही कमी असते. सगळ्या फाइली एका हार्डडिस्कवर काढून घ्या, आणि रविवारी बसा.