तालमीत आणि तालमीबाहेर

जिम्नॅस्टिक्सचा खेळ पाहताना आपले लक्ष वेधते ते त्यातील सौंदर्य. एखादी किशोरी धावत येते, हातांच्या रेट्याने उसळते, हवेत कोलांट्या घेते आणि दोन्ही पाय जुळवून स्थिर उभी राहते. सारे काही चारपाच सेकंदांत आटोपते. परंतु त्या चारपाच सेकंदांच्या पाठीशी किती वर्षे उभी असतात, आणि त्या वर्षांत त्या मुलीची शाळा, झोप, भूक व भीती यांचे काय होते, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्या मुलीला या खेळात घालू इच्छिणाऱ्या आईबापांनी तरी तो अवश्य केला पाहिजे.

प्रथम खेळाचे स्वरूप पाहू. मुलींना चार प्रकारांत कौशल्य दाखवावे लागते : उडीचे मेज, एक उंच व एक सखल अशा दोन दांड्या, तुळई आणि मोकळी जमीन. तुळई 5 मीटर लांब, सव्वा मीटर उंच आणि रुंदीला अवघी 10 सेंटिमीटर असते. तिच्यावर कोलांटी घेऊन पुन्हा तिच्यावरच पाय टेकावयाचे. ज्यांनी मल्लखांब केला आहे त्यांना या साहसाची कल्पना येईल. फरक इतकाच की, मल्लखांबाला एरंडेल चोळतात, तर येथे हातांना पकड यावी म्हणून पांढरी भुकटी फासतात.

2006 पासून या खेळाचे गुण दोन भागांत दिले जातात. एक भाग कसरतीच्या काठिण्याचा व दुसरा सफाईचा. सफाईचे गुण दहापासून खाली उतरत जातात. गुडघा वाकला, पाऊल सरकले की वजाबाकी होते. पडल्यास पुरा एक गुण जातो. म्हणजे कठीण कसरत निवडावी तर लाभ मोठा आणि भयही मोठे. या खेळातील प्रत्येक मुलीला हा हिशेब करावा लागतो.

मग इतक्या लहान वयात आरंभ का? कारण हवेत विचार करावयास वेळ नसतो. कसरत शरीरात इतकी मुरावी लागते की, ती आपोआप घडली पाहिजे. शिवाय लहान, हलके शरीर सहज फिरते. रुमानियाची नादिया कोमानेची 1976 साली माँट्रिआल येथे दहापैकी दहा गुण मिळवती झाली, तेव्हा ती 14 वर्षांची होती. आज तिला तेथे उतरताच आले नसते. 1997 पासून मोठ्या स्पर्धांसाठी मुलीला त्या वर्षात 16 वर्षे पूर्ण होणे आवश्यक आहे. यामागे शास्त्रीय कारण आहे. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो व हाड तेथूनच वाढते. मनगटावर वारंवार साऱ्या देहाचा भार पडला तर या थराला इजा होते. म्हणून दुखण्याची तक्रार करणाऱ्या मुलीला 'सहन कर' असे सांगणे हे शौर्याचे शिक्षण नव्हे.

आपल्याच देशातील दीपा कर्माकरचे उदाहरण घेऊ. तिचा जन्म 1993 सालचा, आगरतळ्याचा. वडील भारोत्तोलनाचे प्रशिक्षक. सहाव्या वर्षी ती तालमीत आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. या खेळात उडीचा उसळा व पाय टेकताना लागणारी स्थिरता तळपायावर अवलंबून असते. त्यामुळे ही उणीव मोठी होती. प्रशिक्षक विश्वेश्वर नंदी यांनी सातत्याने व्यायाम करवून ती दूर करण्याचा प्रयत्न केला. साधने तुटपुंजी होती. जुन्या स्कूटरचे सुटे भाग जोडून उडीची साधने तयार करावी लागली.

पुढे तिने 'प्रोदुनोव्हा' ही उडी साधली. हीत पुढच्या बाजूने दोन कोलांट्या घ्याव्या लागतात, आणि उतरताना पायांखालची जमीन दिसत नाही. जगात फारच थोड्या स्त्रियांनी ती स्पर्धेत केली आहे. 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा 15.066 गुणांनी चौथी आली, कांस्यपदक 0.150 गुणाने हुकले. ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय स्त्री जिम्नॅस्ट. अंतिम फेरीपूर्वी तिचा वाढदिवस आला, परंतु आईवडिलांखेरीज कोणाशी बोलण्यास प्रशिक्षकांनी तिला मुभा दिली नव्हती. आणि ही मुलगी परतली ती थेट एम. ए. च्या परीक्षेस बसली! मला शिक्षकाला त्या उडीइतकेच हेही मोलाचे वाटते.

तथापि पुढील वाट सरळ नव्हती. 2017 साली गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. 2021 मध्ये घेतलेल्या चाचणीत निषिद्ध द्रव्य आढळल्याने 2023 च्या जुलैपर्यंत तिला बंदी भोगावी लागली. तरीही 2024 साली ताश्कंद येथे तिने आशियाई सुवर्णपदक मिळविले आणि त्याच वर्षी निवृत्ती पत्करली. तेव्हा तिचे वय 31 होते. ज्या वयात इतरांचा व्यवसाय मार्गी लागतो, त्या वयात या खेळाडूंना नवे आयुष्य मांडावे लागते. परीक्षेच्या पुस्तकांचे मोल तेथे कळते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. अमेरिकेत खेळाडूंचा एक वैद्य वर्षानुवर्षे मुलींवर अत्याचार करीत होता. 2018 साली दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली व्यथा सांगितली, तेव्हा त्याला जबर शिक्षा झाली. मुली पूर्वीही बोलल्या होत्या. मोठ्यांनी ऐकले नव्हते. पुढे 2021 साली टोकिओत सिमोन बाइल्स या श्रेष्ठ खेळाडूला हवेत असताना दिशेचे भान राहीना. अशा स्थितीत उडी घेणे मानेवर बेतू शकते, हे ओळखून तिने बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. कित्येकांनी तिला नावे ठेवली. परंतु 2024 साली पॅरिस येथे तीन सुवर्णपदके घेऊन ती परतली. नकार देण्याचा अधिकार तिने वापरला म्हणूनच हे शक्य झाले.

तेव्हा मुलीला अवश्य तालमीत पाठवावे. शिस्त, धैर्य आणि पडून पुन्हा उठण्याची सवय हा खेळ जितका लावतो तितका क्वचितच दुसरा लावील. मात्र तालीम चालू असताना आईबापांना तेथे प्रवेश आहे काय, दुखते म्हटल्यावर सराव थांबतो काय, आणि परीक्षेच्या दिवसांत पुस्तकाला वेळ मिळतो काय, हे आधी विचारून घ्यावे. सायंकाळी घरी आलेल्या मुलीला 'आज किती गुण मिळाले?' असे विचारण्यापूर्वी 'आज कोठे दुखले का?' असे विचारावे. आणि ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकून घ्यावे.